आधी नशा की आधी भीती

आघाताची जाण ठेवणारी सेवा म्हणजे उपचाराला आलेल्या बाईच्या आयुष्यात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू असे काही घडलेले असू शकते हे धरून चालून दवाखान्यातले प्रश्न, नियम आणि औषधे ठरवणे. तिने ते सांगितले आहे की नाही यावर ही रीत अवलंबून नसते. व्यसनाच्या उपचारात तिची गरज विशेष भासते, कारण आघातोत्तर ताणविकार, डॉक्टरांच्या बोलण्यातला पीटीएसडी, आणि व्यसन ही दोन दुखणी स्त्रियांमध्ये पुष्कळदा एकत्र असतात.

या विकारात घडून गेलेला प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा अंगावर येतो: स्वप्नात, एखाद्या वासाने, दारावर पडलेल्या थापेने. बाई त्या जागा, ती माणसे, तो विषय टाळू लागते. झोप उडते, बारीक आवाजानेही दचकायला होते, राग आवरत नाही. ही अवस्था महिन्याहून अधिक टिकली आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली की निदान होते. 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार प्रथम या नावाने आला तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. घराच्या चार भिंतींत मार खाणाऱ्या बाईलाही हेच दुखणे होते ही गोष्ट ठाम करण्यात ज्युडिथ हर्मन यांच्या 1992 च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा विकार साधारण दुपटीने आढळतो.

व्यसनाशी त्याचा सांधा कसा जुळतो याचे एक स्पष्टीकरण एडवर्ड खँत्झियन यांनी 1985 साली मांडले: माणूस नशा करतो तो पुष्कळदा असह्य भावनेवरचे औषध म्हणून. दारूने धडधड थांबते, झोप लागते, आठवण बोथट होते. पण उतार पडताना मेंदूतली सावधानतेची यंत्रणा पूर्वीपेक्षा जोरात चालू होते आणि पहाटेची स्वप्ने अधिक भयंकर येतात. मग पुढच्या रात्री घोट वाढतो. एका दुखण्याचा उपचार करताना दुसरे तसेच ठेवले तर पहिलेही बरे होत नाही, इथपर्यंत जाणकारांत फारसा मतभेद नाही. आधी कशाला हात घालायचा, आणि कोणत्या रीतीने, यावर मात्र खरा मतभेद आहे.

तो राजापूर तालुक्यातल्या नाटे गावाच्या संदर्भात मांडता येतो. नाटे म्हणजे जैतापूर खाडीच्या मुखाजवळचे, यशवंतगडाच्या पायथ्याचे गाव. शेजारी साखरीनाटे हे मच्छीमारांचे बंदर. मनोरुग्णांसाठी सरकारी इस्पितळ आहे ते जिल्ह्याच्या ठिकाणी, रत्नागिरीत. अशा गावात स्त्रियांसाठी महिन्यातून दोनदा चालणारी सेवा सुरू करायची झाली तर तिची रीत काय असावी, यावरचा हा संवाद आहे. बोलणाऱ्या दोघी मांडणीसाठी कल्पिलेल्या आहेत. एक परिचारिका, मनोरुग्णालयात आणि व्यसनमुक्ती कक्षात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेली. दुसरी मानसोपचाराचे शिक्षण घेऊन नुकतीच कामाला लागलेली समाजसेविका.

परिचारिका : व्यसनी बाई म्हणजे दारू पिणारी बाई, असं डोक्यात धरून तू नाट्याला जाऊ नकोस. एक बाई सापडायची नाही. कोकणात बाईचं व्यसन बघायचं तर चुलीवरचा तवा बघ. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावायची. दात दुखतो म्हणून एकदा लावली, ती मग सुटलीच नाही.

समाजसेविका : मशेरीला गावात कोणी व्यसन म्हणत नाही, सिस्टर.

परिचारिका : म्हणूनच म्हणते. सासू लावते, जाऊ लावते. डबी लपवावी लागत नाही.

आकडे परिचारिकेच्या बाजूचे आहेत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या मदतीने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारू पिणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत 27.3 टक्के तर स्त्रियांत 1.6 टक्के निघाले. उलट 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 12.8 टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. मशेरीचे नुकसान दातांपुरते राहत नाही. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या 1,217 गर्भवती स्त्रियांवर केलेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले, आणि त्या स्त्रियांच्या वापरात मशेरी मुख्य होती.

समाजसेविका : मग सुरुवात मशेरीपासूनच करू. ती उघड आहे, तिच्यावर बोलायला लाज वाटत नाही. ‘कधी लावावीशी वाटते?’ एवढंच विचारायचं. एखादी म्हणेल, सकाळी परसाकडला जायच्या आधी. दुसरी म्हणेल, रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा. या दुसरीशी बोलणं लांबवायचं.

परिचारिका : आणि जी खरोखर पिते ती?

समाजसेविका : तीही याच रांगेत असेल. झोपेच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर आणणारीही असेल. ‘दारू पिणाऱ्या बायकांची तपासणी’ असा फलक लावला तर यातली एकही येणार नाही.

हा मुद्दा निर्विवाद मानायला हवा. पुरुष पिऊन रस्त्यात पडला तर गाव त्याला उचलून घरी आणून टाकते. बाई प्यायली तर तिच्या चारित्र्याची चर्चा होते, मुलीचे लग्न अडते, माहेरचे दार बंद होते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तितक्याच दारूने रक्तातली पातळी अधिक चढते, आणि यकृताचे आजार तुलनेने कमी वर्षांत गाठतात. लपवण्यात गेलेला काळ म्हणूनच त्यांना महागात पडतो.

क्रमाचा प्रश्न आला की दोघी अधिक कडक होतात.

परिचारिका : हात थरथरताहेत, अंग घामानं भिजलंय, डोळे छताकडे लागलेत, अशा बाईपुढे वही घेऊन बसणारी आणि ‘तुमच्यावर काय प्रसंग गुदरला’ विचारणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी शरीर, बाई! रोज पिणारीनं एकदम बंद केलं की सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत केव्हाही फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या मध्ये भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, त्यात जीवही जातो. ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन द्यायचं असतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा. हे माहीत नसेल तर मनाचं बोलूच नये.

समाजसेविका : ते मी मान्यच करते. अशा बाईला नाट्यात ठेवायचंच नाही, इस्पितळातच न्यायचं. माझा आक्षेप त्यानंतरच्या वाक्याला आहे. ‘सहा महिने कोरडी राहा, मग तुझ्या मनाच्या दुखण्याचं बघू.’ ज्या आठवणी झोपू देत नाहीत म्हणून ती पिते, त्या आठवणींना घेऊन सहा महिने बिनदारूचे काढायला आपण तिला सांगतो, आणि जमलं नाही की म्हणतो इच्छाशक्ती नाही.

परिचारिका : आणि पिणं चालू असताना मन उकरलं तर?

समाजसेविका : तेही करायचं नाही.

परिचारिकेची बाजू पहिल्या आठवड्यापुरती पूर्ण खरी आहे. त्या काळात औषधोपचार हीच सुरक्षितता असते. हर्मन यांनी बरे होण्याचे तीन टप्पे सांगितले: सुरक्षितता, आठवण आणि शोक, मग माणसांत परतणे. यातला पहिला टप्पा शरीराच्या ताब्यापासूनच सुरू होतो. त्यामुळे नशा उतरवणे आणि आघाताची जाण ठेवणे यांत भांडण मुळात नाही. भांडण आहे ते कोरडे राहण्याला प्रवेशाची अट करण्याशी. ही अट सोयीची असते, कारण तिने अपयशाची जबाबदारी उपचार घेणारीवर जाते. ती टाकूनच द्यावी असे समाजसेविकेचे म्हणणे आहे आणि ते योग्य आहे.

विचारावे की नाही, हा पुढचा प्रश्न.

परिचारिका : मी कधीच विचारलं नाही. नवीन आलेलीला चहा द्यायचे. केसांत गुंता झालेला असायचा, तेल लावून वेणी घालून द्यायचे. आठव्या-दहाव्या दिवशी वेणी घालताना आपणहून बोलायची. कुणी नाहीच बोलली तरी तिचं काही अडलं नाही.

समाजसेविका : तुम्ही जे करत होता त्याला पुस्तकात मोठं नाव आहे, सिस्टर. पण तुमच्या पाळीला ते व्हायचं. तुम्ही रजेवर गेलात की?

परिचारिका : रजेवर गेले की माझ्या जागी येणारी कशी आहे त्यावर.

समाजसेविका : बाईचं नशीब पाळीपत्रकावर अवलंबून राहू नये म्हणून रीत लिहून ठेवायची. चहा कोणी द्यायचा, केसांना हात लावण्याआधी विचारायचं, ‘सांगायचं नसेल तर सांगू नका’ हे वाक्य प्रत्येकीला म्हणायचं. काहींना पाठीमागून कोणी केसांना हात लावला तर अंगावर काटा येतो.

शेवटच्या वाक्यावर परिचारिका गप्प होते. विचारण्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची 2013 ची मार्गदर्शक तत्त्वे मधला मार्ग घेतात: येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सरसकट हिंसेबद्दल विचारत सुटू नये, खुणा दिसल्या तर, एकांतात, आणि पुढे देण्यासारखी मदत हाताशी असेल तेव्हा विचारावे. गावात नेमके याच्या उलट घडण्याचा धोका असतो. तीस वर्षांवरच्या माणसांच्या आजारांची प्राथमिक चाचपणी करताना आशाताई घरोघरी फॉर्म भरतात आणि त्यात तंबाखू व दारूचे प्रश्न असतात. प्रश्न योग्य आहेत, पण ते विचारले जातात ओटीवर, सासू भात निवडत शेजारी बसलेली असताना. ‘नाही’ याशिवाय दुसरे उत्तर तिथे येणे शक्य नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के स्त्रियांनी कधी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते.

समाजसेविका : आशाताईंनी फक्त आणायचं, विचारायचं नाही. आशाताई गावातली, पुष्कळदा भावकीतली. तिला सांगितलं म्हणजे पाणवठ्यावर सांगितलं, असं बाईला वाटतं, मग आशाताई कितीही विश्वासू असो. विचारणारी बाहेरची हवी.

परिचारिका : आणि बीपी-शुगरच्या दिवशीच बसायचं. रांगेत कोण कशाला आलंय ते कळत नाही.

समाजसेविका : आणखी एक. बोलायच्या आधी सांगायचं की काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही. लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं. ती बोलून मोकळी झाल्यावर हे सांगणं म्हणजे तिला पुन्हा फसवणं.

कक्षातल्या नियमांबद्दल परिचारिकेची मते तिच्या अनुभवातून आलेली आहेत आणि ती हलकी समजण्यासारखी नाहीत. परकराच्या नेफ्यात पुडी, केसांच्या अंबाड्यात गोळ्या, खोबरेल तेलाच्या बाटलीत दारू तिने पाहिलेली आहे. झडती घेतली नाही तर एकीमुळे दहा जणींचा उपचार मोडतो. तिच्या मते ठराविक वेळी उठणे, जेवणे, दिवे मालवणे यानेच बाई सावरते, कारण घरी पुढच्या घटकेला काय होईल हेच तिला कधी ठाऊक नसते. हे निरीक्षण फार मोलाचे आहे: अंदाज बांधता येणे हाही भीतीवरचा उतारा आहे. पण तोच नियम हुकूम म्हणून आला तर त्याचा परिणाम उलटा होतो.

समाजसेविका : झडती घ्या, पण ती कधी, कोण, कशी घेणार हे दाखल होतानाच सांगा. बाईनंच घ्यायची, पडद्याआड, आणि पिशवी तिलाच तिच्या हातानं रिकामी करू द्या. रात्रीच्या फेरीला तोंडावर टॉर्च मारायचा नाही. जिच्या खोलीत रात्री कोणीतरी शिरत होतं, तिला तो उजेड काय वाटतो हे तुम्हाला सांगायला नको.

परिचारिका : पायाशी मारायचा. जमिनीवर. आम्ही तसंच करायचो, पण पुरुष वॉर्डबॉय असला की तो ऐकायचा नाही.

समाजसेविका : मग स्त्रियांच्या कक्षात रात्री पुरुष नकोच.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत येतात. साखळीने बांधणे त्याने निषिद्ध केले. सक्तीने डोके भादरू नये, रुग्णाला स्वतःचे कपडे घालता यावेत, पाळीच्या काळातली स्वच्छता नीट राखता यावी असे हक्क त्यात स्पष्ट लिहिले आहेत. तीन वर्षांखालचे मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करू नये अशीही तरतूद आहे. मूल कोणाकडे ठेवू, या एका प्रश्नावर बायका उपचार नाकारतात. तेव्हा या कलमाचे मोल कोणत्याही औषधापेक्षा कमी नाही.

महाराष्ट्रात स्त्रियांसाठी वेगळ्या व्यसनमुक्ती कक्षाची गरज फार उशिरा ओळखली गेली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. खुद्द व्यसनी स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ विभाग मात्र 2009 मध्ये आला. मधल्या दोन दशकांत बायकांना व्यसने नव्हती असे नाही. त्यांच्यासाठी खाट नव्हती.

परिचारिका : आमच्या कक्षात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा व्हायच्या. पहिली पायरीच अशी की दारूपुढे मी हतबल आहे हे कबूल करा. पुरुष ते म्हणायचे आणि त्यांचा ताठा उतरायचा. बायका म्हणायच्या, तेव्हा मला कसंसंच व्हायचं.

समाजसेविका : जन्मभर हतबलच ठेवलेलीला आणखी कबुली कसली द्यायला लावायची? तिला पहिल्यांदा काहीतरी तिच्या मनासारखं ठरवू द्या. कुठल्या वेळी यायचं, दार उघडं ठेवायचं की लोटायचं.

परिचारिका : पण त्या सभांनी पुष्कळ जणी तरल्याही आहेत. शेजारी बसलेलीनं ‘माझंही असंच झालं’ म्हटलं की जे होतं ते माझ्या दहा गोळ्यांनी होत नाही.

दोन्ही अनुभव खरे आहेत. अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक यांनी सत्तरच्या दशकात स्त्रियांसाठी वेगळे स्वमदत गट काढले ते याच अडचणीतून. त्यात हतबलतेच्या कबुलीऐवजी स्वतःच्या ताकदीवर भर होता. सभा ठेवून पहिली पायरी सैल करणे अवघड नाही. फक्त गट स्त्रियांचाच हवा. पुरुष बसलेले असताना आपल्या देहाबद्दल बोलणारी बाई विरळाच.

कुटुंबाला उपचारात घ्यावे, हा आपल्याकडच्या व्यसनमुक्तीचा पाया आहे. नवरा व्यसनी असेल तर बायको हा त्याचा मोठा आधार असतो आणि ती येतेच. बायको व्यसनी असेल तर तोच नियम जसाच्या तसा लावता येत नाही. वर उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. जो समुपदेशनाला सोबत येऊन बसतो, तिच्याऐवजी उत्तरे देतो, तोच भीतीचे कारण असू शकतो.

परिचारिका : नवरे येऊन काय मागतात माहीत आहे? ‘तिच्या आमटीत घालायची गोळी द्या.’ डायसल्फिरॅम. ती पोटात असताना प्यायलं की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. पूर्वी बायका हीच गोळी नवऱ्यांसाठी न्यायच्या. आम्ही दोघांनाही नाही म्हणायचो.

समाजसेविका : ज्या घरात जेवणात काय घातलंय याची भीती, त्या घरात ती बरी कशी होणार?

इथे दोघींचे पूर्ण एकमत आहे. माहिती दिल्याशिवाय ही गोळी देणे जीवावर बेतू शकते, आणि संमती हा या सेवेचा गाभा आहे. सोबत कोण हवे हे बाईने सांगावे. आई, बहीण, शेजारीण, कोणीही.

नाटे गावापुरता एक प्रश्न असा आहे की तो पाठ्यपुस्तकात सापडत नाही. मारहाणीची तक्रार करायची तर कोणीही सहज म्हणेल, पोलीस ठाणे गावातच आहे. पण 18 एप्रिल 2011 रोजी जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरोधी आंदोलनात याच नाटे येथे पोलीस गोळीबार झाला आणि एक आंदोलक मरण पावला. त्या प्रसंगाच्या दोन्ही बाजूंविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या वस्तीतल्या एखाद्या बाईला ठाण्याची पायरी चढताना पाय जड होणे स्वाभाविक आहे. आघाताची जाण ठेवणाऱ्या सेवेच्या तत्त्वांत समाजाच्या इतिहासाची दखल हेही एक तत्त्व आहे, ते अशा ठिकाणी कामाला येते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग दिलेला आहे. ठाण्याखेरीज हीही वाट आहे हे बाईला सांगायला हवे. निवड तिची.

रत्नागिरीच्या इस्पितळाबद्दलही असेच. 1886 पासून चालत आलेले हे मनोरुग्णालय कोकणातल्या गरिबांचा खरा आधार आहे. पण ‘तिला रत्नागिरीला नेली’ एवढ्या शब्दांनी गावात वेडाचा शिक्का बसतो.

परिचारिका : त्याच्याआधी देवऋषाकडे नेतात, दर्ग्यात नेतात. रात्री किंचाळून उठते, एका जागी तासभर शून्यात बघत बसते, म्हणजे बाहेरची बाधा. मी त्यांच्याशी भांडत नाही. बांधू नका, मारू नका, मिरचीची धुरी देऊ नका, एवढंच सांगते. आणि गोळी चालू ठेवा.

समाजसेविका : मी तर म्हणेन, बाधा झालीय असं मानणारं घर निदान तिला लबाड तरी म्हणत नाही. तिथून पुढं नेता येतं.

राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा ठरवले आहे, त्यामुळे परिचारिकेच्या ‘मारू नका’ला कायद्याचे बळ आहे.

घडलेली गोष्ट सविस्तर सांगण्याने बाई बरी होते की अधिक बिघडते, यावर अभ्यास झालेले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंना थोडे अडचणीचे आहेत. लिसा नजाविट्स यांची ‘सीकिंग सेफ्टी’ ही पद्धत गतकाळ न उकरता आजच्या दिवशी सुरक्षित कसे राहायचे ते शिकवते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या डेनिझ हीन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात अमेरिकेतल्या सात केंद्रांवरच्या 353 स्त्रियांपैकी काहींना ही पद्धत आणि काहींना स्त्रीआरोग्याचे साधे वर्ग दिले गेले. आघाताची लक्षणे दोन्ही गटांत उतरली. पद्धतीची म्हणून वेगळी सरशी दिसली नाही. 2012 साली कॅथरिन मिल्स यांनी ऑस्ट्रेलियात 103 जणांवर केलेल्या अभ्यासात व्यसनाच्या उपचाराबरोबरच आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवले गेले. त्यात आघाताची लक्षणे नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक कमी झाली आणि नशा वाढली नाही.

परिचारिका : म्हणजे तुझी खास पद्धत आणि आरोग्याचा वर्ग सारखाच.

समाजसेविका : नियमानं भेटणारा बायकांचा गट, आदरानं वागवणारी बाई, हे दोन्हीकडे होतं. नाट्यात तेवढं करणं आपल्या हातात आहे. आठवणींना सामोरं नेण्याचं काम मात्र शिकलेल्या माणसाचंच. ते मीसुद्धा नाट्याच्या उपकेंद्रात बसून करणार नाही.

परिचारिका : आणि व्यसन चालू आहे म्हणून ते काम कायमचं पुढंही ढकलायचं नाही, असंच ना?

समाजसेविका : तेच.

औषधांबाबत एक सावधगिरी इथेच नोंदवायची. दारू उतरवताना बेंझोडायझेपीन गटातली औषधे थोड्या दिवसांसाठी लागतात, पण आघाताच्या भीतीवर महिनोन्‌महिने तीच देत राहिले तर एका नशेच्या जागी दुसरी येते. सर्ट्रालीनसारख्या औषधांचा आघातोत्तर ताणविकारात उपयोग होतो. ती सवय लावत नाहीत, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि तेवढा धीर बाईला कोणीतरी द्यावा लागतो.

राहिला पुन्हा पिण्याचा प्रश्न. तो येतोच.

परिचारिका : कक्षात बाटली आणली तर मी तिला ठेवणार नाही. बाकीच्यांची झोप मला सांभाळायची असते.

समाजसेविका : रात्री बाहेर काढाल?

परिचारिका : रात्री कशी काढेन! सकाळी. कुठं जाणार ते ठरल्यावर. आणि तीन महिन्यांनी ये म्हणेन, म्हणजे किंमत कळेल.

समाजसेविका : किंमत तिला कळलेलीच असते. तीन महिने म्हणजे ती येणारच नाही. नाट्याच्या पुढच्या फेरीला ये, पंधरा दिवसांनी, असं तारीख घालून सांगा. प्यायलेली असलीस तरी ये.

परिचारिका : प्यायलेली असली तरी?

समाजसेविका : बसवायचं, पाणी द्यायचं, त्या दिवशी मोठं काही बोलायचं नाही.

परिचारिकेला हे पटत नाही. तिच्या लेखी यात धाक उरत नाही. कक्षाच्या बाबतीत तिचे म्हणणे धरावे, कारण तिथे इतर बायकांचीही जबाबदारी असते. गावातल्या फेरीला मात्र समाजसेविकेचीच रीत लागू करावी लागेल, कारण तिथे दार बंद झाले की दुसरे दार मैलोन्‌मैल नाही. मधल्या पंधरवड्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे क्रमांक आहेत. घरात मोबाईल एकच असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल तर त्यांचा उपयोग होत नाही. तेव्हा फोन कोणाचा वापरायचा, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि मध्येच कोणी आले तर काय बोलून ठेवायचे, हे पहिल्याच भेटीत तिच्याबरोबर बसून ठरवून घ्यायचे असते.